खैरपाड्याच्या धरणातलं माशांचं घर

आमच्या पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो. साधी हवा असते. तुम्ही आत्ता हे वाचताना घेताय तीच, फक्त दाबून भरलेली. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे की त्याचं एक पत्रकच छापून खिशात ठेवावं असं वाटायचं. दुसरं, आम्ही मोती काढत नाही. तिसरं, खानदेशात समुद्र नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, कृपया पुन्हा सांगू नका.

आम्ही मासे मोजतो. मोजत होतो, असं म्हणायला हवं.

अंकाच्या संपादिका म्हणाल्या, पाण्याखालच्या रंगीत दुनियेवर लिही, दिवाळीत लोकांना बरं वाटेल. ती दुनिया मी पाहिली आहे. मालवणच्या बाजूला मी हे काम शिकले. तिथं समुद्रात सिमेंटचे ठोकळे टाकून कृत्रिम खडक करतात आणि त्यावर काय काय राहायला आलं हे मोजायला आमच्यासारखे हौशी पाणबुडे उतरतात. ठोकळ्याला शिंपले चिकटलेले, शिंपल्यांवर शेवाळ, शेवाळात बोटाएवढे खेकडे, आणि सगळ्यांभोवती पिवळ्या पट्ट्यांचे मासे वऱ्हाडी मंडळींसारखे उगाच इकडून तिकडे. छान आहे. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी धुळे जिल्ह्यातल्या एका धरणावर लिहिणार आहे. तिथं खाली एकच रंग असतो, फार उकळलेल्या चहाचा, आणि हात लांब केला की बोटांच्या पुढचं काही दिसत नाही. बरं वाटणार नसेल तर पान उलटा.

मी रावेरकडच्या केळीवाल्या घरातली. पत्रकं लिहिणं हेच माझं खरं शिक्षण. कॉलेजात असताना पहिलं लिहिलं ते ठिबक सिंचनाच्या नळ्यांवर. आमच्याकडे प्रत्येक शेताच्या बांधावर जुन्या, फुटक्या नळ्यांचा काळा ढीग असतो. उन्हाळ्यात तो पेटवतात आणि शिवारभर तो वास बसतो. मी लिहिलं, "नळ्या जाळू नका", पुढे तीन उद्गारचिन्हं. बाजारात वाटताना एका काकांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, "मग काय करू त्यांचं, लोणचं घालू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्रकवाल्यांचा हा जुना रोग आहे. काय करू नका हे आम्हाला पाठ असतं.

उत्तर सापडलं जळगावात, एका तलावाच्या तळाशी. एका कुटुंबाचा फोन आला. विसर्जनाच्या गडबडीत मूर्तीच्या गळ्यातली सोन्याची चेन काढायची राहिली, तुम्ही म्हणे पाण्यात उतरता, शोधून द्या. जळगावात सोन्यासाठी माणूस काहीही करतो, म्हणून आम्ही उतरलो. आम्ही म्हणजे मी आणि इरफानभाई. इरफानभाईचं धुळ्यात ग्रिल-दरवाजांचं वेल्डिंगचं वर्कशॉप आहे. मालवणला आमची एकाच तुकडीत ओळख झाली आणि तेव्हापासून पाण्याखाली तो माझा जोडीदार. आमच्या कामात जोडीदाराशिवाय पाण्यात पायही घालायचा नसतो. तो मला पाटील म्हणतो, कधी चिडवायचं असलं की पाटलीणबाई.

खाली चेन नव्हती. (ती पुढे त्यांच्याच घरात पूजेच्या डब्यात निघाली. आम्हाला कळवावं असं कोणाला सुचलं नाही.) खाली गेल्या काही वर्षांच्या मूर्तींचा ढिगारा होता, गंजलेल्या सळ्यांचे सांगाडे होते, आणि प्रत्येक सांगाड्यात मासे होते. बाकी तळ सपाट चिखलाचा, तिथं काही नाही. एक चिलापी मासळी सळ्यांच्या आत पिल्लं तोंडात धरून बसली होती. आदल्याच वर्षी मी या तलावाच्या काठावर उभी राहून "तलाव मरतो आहे" असं पत्रक वाटलं होतं. ती माझ्याकडे बघत राहिली. मीही तिच्याकडे.

वर आल्यावर इरफानभाई तोंडातली नळी काढून म्हणाला, "पाटील, माशाला आडोसा पाहिजे. बस. बाकी त्याला तुझ्या पत्रकातलं काही समजत नाही."

तिथून सुरुवात झाली. त्यानं सळ्यांच्या चौकटी केल्या, पलंगाएवढ्या. त्यांना मी रावेरहून आणलेल्या जुन्या नळ्या धुऊन, केरसुणीसारखे जुडगे बांधून लावल्या, आणि खाली पाइपांचे हातभर लांबीचे तुकडे आडवे बसवले. पाण्यात गेल्यावर नळ्या उभ्या राहून पाणवनस्पतीसारख्या डोलतात. "प्लास्टिक पाण्यात टाकता आणि पर्यावरण म्हणता?" असं मला जितक्यांनी विचारलं त्यांना मी जोरात उत्तर दिलं. इतक्या जोरात की मला स्वतःला ती शंका नीट ऐकूच आली नाही. ती अजून आहे. हेही लिहून टाकते.

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, म्हणणं वेगळं होतं. "पाण्यात जाऊन काय मोजतं व तू? इथी बागेत ये, घड मोज."

चौकटी टाकायला आम्ही खैरपाड्याचं धरण निवडलं. हे गाव पिंपळनेरच्या वरच्या अंगाला. धरण लहान, डोंगराच्या कुशीत. तिथं मासेमारी करणारे सुकलाल आबा. त्यांची पत्र्याची होडी आणि त्यांचं जाळं, एवढाच त्या धरणावरचा कायमचा कारभार. आमची गाडी, रबरी पोशाख, सिलिंडर पाहून त्यांनी पहिला प्रश्न विचारला:

"ताई, खाले जाईसन तुम्ही मासा खातस का मोजतस?"

"मोजतो, आबा."

"मोजीसन मासा वाढतस का?"

इरफानभाई खो खो हसला. मग आबांनी अर्धा तास आम्हाला माशांविषयी शिकवलं. त्यातलं निम्मं चूक होतं. कटला अमावास्येला आंधळा होतो, मरळ मासा माणसाची नजर लागली तर अंडी गिळतो, असं बरंच. मी वाद घातला. आबांनी तो मोठ्या आनंदानं घातला. शेवटी त्यांनी होडी दिली, ती एका अटीवर. चौकटी कुठे टाकायच्या ते आबा ठरवणार. ठरवलं त्यांनी, आणि पहिली जागा साफ चुकली. चौकट चिखलात बसली, आणि आठवडाभर आबा ती जागा आम्ही निवडली असं गावात सांगत होते.

त्या चौकटींना काय म्हणायचं यावर आमचं भांडण झालं होतं. पुस्तकात कृत्रिम भित्ती म्हणतात. इरफानभाई म्हणाला, चौकट म्हण, जाळी म्हण, जे आहे ते म्हण. मी म्हटलं, लोकांच्या मनात बसेल असा शब्द हवा. आणि पत्रक काढलं: "खैरपाड्याच्या धरणात माशांचं घर!" शब्द बसला. इतका बसला की आबा होडी वल्हवताना ओरडून विचारायचे, "आज घरमा पाव्हना कोन कोन शेतस?" आणि काठावर कपडे धुणाऱ्या बायकाही हसून विचारायच्या. वर लाल रंगाचा प्लास्टिकचा डबा तरंगत ठेवला होता, त्याला खालून दोर. कोणालाही काठावरून दिसायचं, घर कुठे आहे ते.

आता काम कसं चालतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

गढूळ पाण्यात दिशा कळत नाही. वर कुठे, खाली कुठे, हेही कधी कधी कळत नाही. म्हणून तळावर एक दोर ताणून बांधायचा आणि त्या दोरावरूनच जायचं-यायचं. एका हातात दोर, त्याच हाताला प्लास्टिकची पाटी बांधलेली. दोराच्या दोन्ही बाजूंना जे दिसेल ते पेन्सिलीनं पाटीवर लिहायचं. नुसते घरातले मासे मोजून भागत नाही. उघड्या तळावरचेही मोजावे लागतात, नाहीतर घरामुळे फरक पडला की नाही हे कसं कळणार? म्हणून आमचा दोर घरातून निघून उघड्या चिखलावरून काठाच्या दिशेनं लांब गेलेला होता. आणि सगळ्यात मोठा नियम: दोर सोडायचा नाही. काहीही दिसलं, काहीही झालं तरी. वर यायचं तेही लाल डब्याच्या दोरावरून, सावकाश, हात धरत धरत. तिथंच होडी थांबलेली असते.

वर्षभरात घर भरलं. पाइपांच्या तुकड्यांत झिंगे, नळ्यांवर गोड्या पाण्यातला हिरवट स्पंज, शिंगटी, रोहूची पिल्लं. पावसाळ्यानंतर एक मरळीची जोडी आली. मरळ पिल्लांना राखते. पिल्लांचा लालसर गोळा पाण्यात वर-खाली होतो आणि आई-बाप खाली पहारा देतात. नर माझ्या पाटीवर धडक मारायचा. आबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग! तुमी त्याना घरमा इचारीसन जातस का?" न विचारता घुसल्यावर मारणारच.

त्या दोराच्या काठाकडच्या टोकाला आम्हाला एक गोष्ट सापडली होती. खड्डा. धरणाच्या भिंतीची डागडुजी करताना कुणा ठेकेदारानं उन्हाळ्यात, पाणी मागे हटलेलं असताना, तिथूनच यंत्रानं मुरूम काढून नेला होता. उभी कडा, विहिरीसारखी. पाणी चढल्यावर वरून काही कळत नाही. माणूस कमरेएवढ्या पाण्यात चालत जातो आणि पुढचं पाऊल ठेवायला जमीनच नसते. आम्ही दोराचं टोक त्या कडेच्या अलीकडे खुंटीला बांधलं आणि पाटबंधारेच्या शाखा अभियंत्यांना जाऊन सांगितलं. एक बोर्ड लावा, दोन खांब रोवा.

साहेब म्हणाले, "तो खड्डा आमच्या रेकॉर्डवर नाही."

"पण तो आहे."

"रेकॉर्डवर नाही त्याला बोर्ड कसा लावू, मॅडम? उद्या मला विचारतील, कशाचा बोर्ड?"

मी त्यांच्या टेबलावर हात आपटला. चहा सांडला. बोर्ड लागला नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या उकाड्यात एका दुपारी हवालदारांचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडे ऑक्सिजन आहे ना? खैरपाड्याला पोरगा बुडालाय. बॉडी सापडत नाही."

हे आमचं काम नाही. पण धुळे-जळगावात पाठीवर हवा घेऊन उतरणारे किती जण आहेत? त्यामुळे ते आमचंच होतं. याआधीही दोनदा बोलावलं होतं आणि दोन्ही वेळा आम्ही पोचायच्या आत गावकऱ्यांनी गळ टाकून काढलं होतं. या वेळी गळाला लागत नव्हतं. हवालदारांना ऑक्सिजनचं काही समजावलं नाही. सिलिंडर गाडीत टाकले आणि निघालो.

दीपक त्याचं नाव. शेजारच्या गावचा. पिकअप चालवायचा, कांदा-भाजी बाजारात पोचवायचा. मित्रांबरोबर आंघोळीला उतरला. पोहता येत होतं, असं सगळे सांगत होते. काठावर ही गर्दी. त्याची आई, मंगलाबाई, सगळ्यात पुढे पाण्याच्या कडेला उभी. रडत नव्हती. पाण्याकडे बघत होती.

तो कुठे उतरला ते मित्रांनी दाखवलं, आणि इरफानभाईनं माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही एकच जागा आठवली. दोराचं टोक.

खड्ड्याच्या तोंडाशी गाळ सतत ढासळत असतो. तिथून सरळ उतरायचं म्हणजे आंधळ्या धुक्यात उडी. म्हणून आम्ही आमच्या नेहमीच्या वाटेनं गेलो. आबांची होडी लाल डब्याशी, डब्याच्या दोरावरून खाली, घराजवळून पुढे, तळावरच्या दोरावरून खड्ड्यापर्यंत. कडेच्या खाली हाताला तो लागला. पाण्याखाली रडता येत नाही. मास्क असतो, श्वास मोजून घ्यायचा असतो. दोघांनी दोन बाजूंनी धरला आणि परत दोरावरून, नियमाप्रमाणे, एक हात दोरावर, घराजवळून लाल डब्यापाशी आणि वर.

आम्ही वर आलो ते लाल डब्यापाशी. माशांच्या घरावर.

अख्ख्या काठानं ते पाहिलं. खालून कुठून आणला हे कोणालाच दिसलं नव्हतं. दिसलं ते एवढंच. होडी काठाला लागेपर्यंत बातमी आमच्या आधी पोचली होती. मंगलाबाईनं त्याच्या तोंडावरचा चिखल पदरानं पुसला. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ओरडून नाही, अगदी साध्या आवाजात:

"मना दीपक तुमना घरमा व्हता. आठे बठ्ठास्नी देखं."

सगळ्यांनी पाहिलं होतं, हे खरंच. मी तोंड उघडलं. इरफानभाईनं माझं मनगट दाबलं. "आत्ता नाही, पाटील."

पुढे 'आत्ता' कधी आलंच नाही. चार लोक भेटतील तिथं मी सांगायचे, तो घरात नव्हता, खड्ड्यात होता, आम्ही फक्त त्या वाटेनं आणला. लोक ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, पण वर तर तिथूनच आला ना? दोराचा नियम समजावला तर म्हणायचे, म्हणजे तुमच्या दोरानंच ओढला असेल. नळ्यांत पाय अडकतो, सळ्यांत माणूस सापडतो, घर माणूस धरून ठेवतं. शब्द माझाच होता. घर असलं की त्यात कोणीतरी राहणार, कोणी आत जाणार, कोणाला ठेवून घेणार. इरफानभाईचं ऐकून जाळी म्हटलं असतं तर? काही बदललं असतं असं नाही. पण हे मी नंतर खूप वेळा मनात म्हणून पाहिलं आहे.

आबांचे मासे कोणी घेईना. पिंपळनेरच्या बाजारात त्यांच्या टोपलीपुढे बायका थांबायच्या, कुठला मासा विचारायच्या, आणि खैरपाडा म्हटलं की पुढे जायच्या. आबा मला फोनवर म्हणाले, "कोनी मासा ली नही राहिना, ताई." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला रागाशी बोलता येतं.

शाखा अभियंत्यांना मात्र आता बोलता आलं. "धरणक्षेत्रात तुमच्या त्या स्ट्रक्चरला लेखी परवानगी कोणाची?" नव्हती. चौकटी टाकताना आमच्याबरोबर फोटो काढून घेतला तेव्हा त्यांनीच तोंडी दिली होती. "मग ते काढा. लोकभावना आहे." खड्डा अजूनही त्यांच्या रेकॉर्डवर नव्हता. आता तर तो कोणाच्या बोलण्यातही नव्हता. इतका सोयीचा गुन्हेगार त्यांना मिळाला होता, सळ्यांचा आणि नळ्यांचा, त्याला वाचाही नाही आणि ठेकाही नाही.

मी पत्रक लिहिलं. नकाशा काढला. इथे खड्डा, इथे घर, मधे दोर, बाणानं दाखवलेलं सगळं. वर मोठ्या अक्षरात, दीपकला कोणी मारलं? छापायच्या आधी आबांना दाखवायला नेलं, त्यांचा पाठिंबा हवा होता. आबांनी ते कोणाकडून तरी वाचून घेतलं. मग तो कागद मांडीवर ठेवला.

"छापू नका, ताई."

"का? यात एक अक्षर खोटं नाही."

"नही शे खोटं. पन ती माय बाजारमा येस. तिले हाई पोराना नाव कागदवर देखनं पडी. संगे बाण काढेल शेतस."

"मग खड्डा तसाच ठेवायचा? घर काढून टाकायचं?"

"घर काढी टाका."

मी चिडले. तुम्हीच घाबरलात तर, असं काहीतरी बोलले, त्याहून वाईटही बोलले असेन.  माझं संपल्यावर आबा म्हणाले, "तुम्ही जळगाव चालना जाशात. माले आठेच ऱ्हावनं शे. त्या मायनी मन्हाशी बोलनं सोडी देल शे."

परत येताना गाडीत इरफानभाई म्हणाला, "बुजुर्ग बरोबर बोलतोय. आपण खरं आहोत हे आपल्याला माहीत आहे. त्याला त्याच गावात पाणी भरायचंय." मी पत्रक फाडलं नाही, छापलंही नाही. लढणाऱ्या माणसाला गप्प बसायची सवय नसते. हात रिकामे वाटतात.

घर काढायच्या दिवशी मी आधी एकदा खाली गेले. मोजायला. इरफानभाई म्हणाला, कशाला, कोणाला दाखवणार? मी म्हटलं, कोणालाच नाही. झिंगे होते, शिंगटी होत्या. मरळीचा नर होता, त्यानं पाटीला धडक दिली, आणि वर नळ्यांच्या टोकांशी पिल्लांचा गोळा, आता लाल कमी, काळपट जास्त, म्हणजे मोठी होत होती. अजून थोडे दिवस मिळाले असते तर आपापली पांगली असती. मी साहेबांकडे ते थोडे दिवस मागितले होते. साहेब म्हणाले, "मॅडम, माशांच्या पिल्लांसाठी?" त्यांना खरंच नवल वाटलं.

काठावरून दोर लावून गावातल्या पोरांनी चौकटी ओढल्या. पाणी आणखी गढूळ झालं. मी होडीत बसून बघत होते. एकेक चौकट चिखल गाळत वर आली, नळ्या लोंबत, पाइपांतून झिंगे टपटप पडत. पाण्यावर काही वेळ मरळीची पिल्लं विस्कटून फिरताना दिसली. मग एक पाणकावळा आला. आणखी दोन आले. मी तोंड फिरवलं.

मंगलाबाई आलेली होती. कोणी बोलावलं नव्हतं. ती सरळ काठावर ठेवलेल्या चौकटींपाशी गेली आणि पहिलीच्या समोर उकिडवी बसली.  तिनं एक नळ्यांचा जुडगा हातात धरला, ओढला. तो सुटला. सुतळीनं बांधलेला, सुटणारच. मग तिनं पाइपाच्या तुकड्यात हात घातला. मनगटापर्यंत गेला, पुढे गेला नाही. तिनं सळ्यांमधलं अंतर वितीनं मोजलं. एकदा, परत एकदा. चौकटीची उंची आपल्या गुडघ्याशी लावून पाहिली.

मग वर न बघता म्हणाली, "यामा माणूस मावस का?"

 ज्यांनी महिनाभर घर माणूस धरतं असं सांगितलं होतं ते दोर गुंडाळू लागले. साहेबांचा माणूस फोटो काढायला आला होता, त्यानं फोन खाली केला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग मना दीपक कोठे व्हता?"

इतके दिवस हा प्रश्न कोणी विचारावा म्हणून मी जीव टाकत होते. आणि आता विचारला तेव्हा आमचं घर काठावर उन्हात वाळत होतं, आणि पाणकावळे अजून तिथंच घिरट्या घालत होते. माझ्याकडे नकाशा होता, बाण होते, वाक्यं तयार होती. मी म्हटलं, "चला मावशी, दाखवते."

काठानं चालत गेलो. ती, मी, थोडं मागे आबा आणि इरफानभाई. मी बोटानं जागा दाखवली. पाणी इथं इतकं शांत असतं की दाखवायलाही काही नसतं. सांगितलं, इथं मुरूम काढलाय, उभी कडा आहे, कमरेएवढं पाणी आणि एकदम काही नाही. ती बघत राहिली. खड्डा कोणी काढला, बोर्ड का नाही, हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलंही नाही.

"तू त्याना हात धरा व्हता का?"

"हो. मी एक, इरफानभाईनं एक. वर येईपर्यंत सोडला नाही."

"अंधार व्हता?"

"होता. म्हणून दोरावरून आणला. दुसऱ्या वाटेनं आमचेही हात सुटले असते."

तिनं मान हलवली. आबांनी पुढे होऊन बाभळीच्या फांद्या तोडायला सुरुवात केली. काठावर आडव्या टाकायला, उतरायची वाट अडवायला. तीही ओढू लागली. आम्हीही लागलो. काटे हातात गेले. काम होत आल्यावर ती म्हणाली, "बाभूळ पाणीमा वाही जाई."

"हो, मावशी. टिकणार नाही."

"मंग बाकीनास्ले बी सांग."

आम्ही चौकटी पुन्हा टाकलेल्या नाहीत. परवानगी मागितली आहे, लेखी. खड्ड्याला अजून बोर्ड नाही, कारण रेकॉर्ड अजून तसंच आहे. पत्रक मी छापलं नाही, पण दिवाळी अंक घराघरांत जातो, पिंपळनेर-साक्रीकडेही जातो, सुट्टीत पोरं धरणांवर जातात. म्हणून रंगीत दुनियेसाठी दिलेल्या जागेत हे छापावं अशी माझी संपादिकांना विनंती आहे, आणि यातला पुढचा मजकूर जरा ठळक अक्षरात.

खैरपाडा धरण. पाण्याच्या बाजूनं भिंतीकडे तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताचा काठ, कपडे धुण्याच्या दगडांच्या पुढे. तिथं पाण्यात उतरू नका. पाणी कमरेएवढं दिसतं. पोहता येत असलं तरी उतरू नका. दीपकला येत होतं.